सतरा गडी आणि पंधरा इंच

क्रिकेटच्या मुलुखात वाढलेल्या माणसापुढे बेसबॉलचा धावफलक ठेवला, तर तो प्रथम हसतो. चार विरुद्ध शून्य! हा काय सामना झाला? आपल्याकडे एखाद्या षटकात याहून अधिक धावा निघतात. आकडे हॉकीचे वाटावेत आणि शब्द मात्र चेंडू, बॅट, पंच, धाव असे सगळे क्रिकेटच्या घरातले, असा हा प्रकार आहे. तरीही अमेरिकेत ज्यांना या खेळाची गोडी आहे, ते २ ऑक्टोबर १९६८ रोजी सेंट लुईस शहरात झालेल्या अशाच एका ४-० सामन्याविषयी अजूनही बोलतात. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने त्या दुपारी डेट्रॉइट टायगर्सचे सतरा फलंदाज, मैदानातील क्षेत्ररक्षकांची फारशी मदत न घेता, जवळजवळ एकट्याने परत पाठवले. सामना एकतर्फी झाला. आणि ज्या वर्षाचा तो कळस होता ते वर्षही इतके एकतर्फी गेले, की पुढचा हंगाम सुरू होण्याआधी मैदानातला मातीचा एक उंचवटा पाच इंचांनी खरवडून काढावा लागला.

एखादा मनुष्य आपले काम फार उत्तम करतो, म्हणून त्याच्या पायाखालची जमीन कमी करणे योग्य आहे काय, हा प्रश्न त्या वेळी निघाला. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. परंतु त्याआधी खेळ थोडा समजून घेतला पाहिजे.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याला गोलंदाज म्हणण्याचा मोह होतो. पण तो चेंडूचा टप्पा पाडत नाही आणि धावतही येत नाही. मैदानाच्या मध्यावर मातीचा एक उंचवटा असतो, त्यावर रबराची एक पट्टी रोवलेली असते. त्या पट्टीला पाय टेकवून तो हात कोपरात वाकवून, सरळ फेकतो. समोर जमिनीवर पाच कोनांची एक पांढरी पाटी असते, तिला होम प्लेट म्हणतात. या दोहोंमधील अंतर १८९३ सालापासून साठ फूट सहा इंच आहे. आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीची यष्टीपासून यष्टीपर्यंतची लांबी बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट, हे येथे लक्षात घ्यावे.

होम प्लेट सतरा इंच रुंद असते. तिच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून वरच्या एका ठरावीक रेषेपर्यंत एक चौकट कल्पिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पंचाच्या मनात असते. चेंडू त्या चौकटीतून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तरी तो 'स्ट्राइक'. बॅट फिरवली आणि चुकली, तर चेंडू कोठूनही जावो, 'स्ट्राइक'. चौकटीबाहेरचा चेंडू फलंदाजाने सोडून दिला, तर तो 'बॉल'. असे चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो. तीन स्ट्राइक झाले की तो बाद, आणि ह्यालाच 'स्ट्राइक-आउट' म्हणतात.

क्रिकेटमधला फलंदाज वाटेल तितके चेंडू सोडून देऊ शकतो. जोपर्यंत यष्टी शाबूत आहेत तोपर्यंत त्याचे कोणी काही बिघडवू शकत नाही. बेसबॉलमध्ये ती चैन नाही. येथे 'थांबून पाहू' हे धोरण तीन चेंडूंपुरतेच चालते. दर डावात तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. प्रत्येक संघाला असे नऊ डाव मिळतात. म्हणजे सामना जिंकायला सत्तावीस गडी बाद करावे लागतात. सर्वसाधारणपणे यांतले बहुतेक चेंडू उंच मारून झेल देतात किंवा जमिनीवरून मारून, बेसवर पोहोचण्याआधीच फेकीने बाद होतात. म्हणजे ते आठ क्षेत्ररक्षकांच्या कष्टाने मिळतात. स्ट्राइक-आउट मात्र पिचर आणि त्याचा कॅचर यांचे खाजगी काम. सत्तावीसांपैकी सतरा गडी असे बाद झाले, तर बाकीच्यांनी मैदानात उभे राहून उन्हाचा आनंद घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

हे इतके अवघड का असते, तेही पाहू. ताशी नव्वद मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू पिचरचा हात सुटल्यापासून होम प्लेटपर्यंत सेकंदाच्या चार दशांशांत पोहोचतो. बॅट फिरवायलाच सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. उरलेल्या वेळात चेंडूचा वेग, उंची आणि वळण ओळखून मारायचे की सोडायचे हे ठरवायचे. त्यात फलंदाजाची बॅट गोल दांड्याची. आपल्या बॅटसारखे तिला सपाट पाते नाही. गोल चेंडू गोल दांड्याने नेमका मध्यावर मारायचा, हा विटीदांडूचाच थोरला भाऊ. दहा प्रयत्नांत तीन वेळा जो यशस्वी फटका मारतो त्याला तेथे उत्तम फलंदाज म्हणतात. सात वेळा अपयशी होऊनही माणसाला उत्तम म्हणणारे क्षेत्र परीक्षार्थींना फार आवडावे.

गिब्सनकडे दोन हत्यारे होती. एक, सरळ वेगवान चेंडू. दुसरा, 'स्लायडर' नावाचा. हा येतो वेगवान चेंडूसारखाच, परंतु त्याला दिलेल्या तिरक्या फिरकीमुळे अखेरच्या टप्प्यात बाजूला आणि खाली सरकतो. चेंडू फिरत असला की त्याच्या एका अंगाची हवा वेगळ्या रीतीने मागे फेकली जाते आणि चेंडू उलट बाजूला ढकलला जातो. पदार्थविज्ञानात यास मॅग्नस परिणाम म्हणतात. फलंदाज सरळ चेंडू समजून बॅट फिरवायला लागतो आणि बॅट अर्ध्यावर आल्यावर त्याला कळते की चेंडू तेथे नाही. एकच फेकी, एकच हात आणि दोन निराळे शेवट. गिब्सनचा फेकण्याचा जोर एवढा असे, की चेंडू सुटल्यावर त्याचे सगळे शरीर डावीकडे झोकांडी खाल्ल्यासारखे पुढे येई.

आता त्या वर्षाविषयी. १९६८ हे साल बेसबॉलच्या इतिहासात 'पिचरांचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. दोन्ही लीग मिळून फलंदाजांची सरासरी दर हजार प्रयत्नांस २३७ फटके इतकी घसरली. अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की फलंदाजीत पहिला आला तो ३०१ ने. इतक्या कमी सरासरीवर हा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण नाही. लॉस एंजेलिसच्या डॉन ड्राइस्डेलने सलग ५८ डावांहून अधिक काळ एकही धाव दिली नाही. डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने एका हंगामात ३१ सामने जिंकले. १९३४ नंतर तिसाचा आकडा कोणी गाठला नव्हता आणि त्याच्यानंतरही कोणी गाठलेला नाही. सर्व नामवंत खेळाडूंचा प्रदर्शनी सामनासुद्धा १-० असा संपला.

यात गिब्सनचे आकडे पाहिले की छापताना काही चूक झाली असावी असे वाटते. दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर किती धावा पडतात, यावर त्याची किंमत ठरते. तीनाच्या आत आला तो उत्तम. गिब्सनचा आकडा होता १.१२. चौतीस सामन्यांत त्याने सुरुवात केली, त्यांपैकी अठ्ठावीस त्याने स्वतः शेवटास नेले आणि तेरांमध्ये एकही धाव दिली नाही. जून महिन्यात तर लागोपाठ पाच सामन्यांत प्रतिपक्षाला शून्यावर ठेवले. आपल्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस निर्धाव षटके टाकली, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच, की नाडकर्णींच्या त्या ३२ षटकांत पाचच धावा गेल्या, पण गडी एकही मिळाला नाही. बेसबॉलमध्ये असा धावबंदीचा पहारा आणि बळी वेगळे राहत नाहीत. जो धावा देत नाही तो गडी घेतोच, कारण फलंदाजाला परतावेच लागते.

एवढे करूनही गिब्सन त्या हंगामात नऊ सामने हरला. १७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सना एकही फटका मिळू दिला नाही आणि गिब्सन १-० ने हरला. दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने सॅन फ्रान्सिस्कोची तीच गत केली. खेळ कोणत्या थराला गेला होता ते ह्या दोन दिवसांवरून कळेल.

गिब्सनचे पूर्वायुष्य सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्याच्या खेळातली धार तेथूनच आली असे प्रस्तुत लेखकास वाटते. नोव्हेंबर १९३५ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे तो जन्मला. त्याच्या जन्मापूर्वीच वडील वारले होते. घर गरीब निग्रो वस्तीतले (हा शब्द तेव्हाचा, आज कृष्णवर्णीय म्हणतात). लहानपणी दमा, मुडदूस असली दुखणी. थोरल्या भावाने त्याला खेळाची दीक्षा दिली. त्याला इंडियाना विद्यापीठात बास्केटबॉल खेळायचे होते. तेथून उत्तर आले की कृष्णवर्णीय खेळाडूंच्या ठरावीक जागा भरलेल्या आहेत. मग त्याने गावातल्याच क्रेटन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये आल्यावर फ्लोरिडातल्या सरावाच्या काळात गोऱ्या खेळाडूंसाठी हॉटेल आणि काळ्यांसाठी दुसरीकडे बिऱ्हाड, ही व्यवस्था त्याने अनुभवली. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची ही भिंत पाडली खरी, पण पाडलेल्या भिंतीच्या विटा बरीच वर्षे तेथेच पडलेल्या होत्या.

गिब्सन मैदानात कोणाशी हसत नसे. प्रतिस्पर्ध्याशी तर नाहीच, पण आपला कॅचर टिम मॅकार्व्हर काही सल्ला द्यायला उंचवट्याकडे आला तरी त्याला हाकलून लावी. मेम्फिसचा गोरा मॅकार्व्हर आणि ओमाहाचा गिब्सन यांची मैत्री मात्र आयुष्यभराची झाली. फलंदाज होम प्लेटला फार चिकटून उभा राहिला, तर गिब्सनचा पुढचा चेंडू त्याच्या छातीजवळून जाई. १९६७ च्या जुलैमध्ये रोबेर्तो क्लेमेंते याचा एक सणसणीत फटका त्याच्या उजव्या पायावर बसला, हाडाला तडा गेला. तशा पायाने त्याने आणखी तीन फलंदाजांना चेंडू टाकले आणि मग कोठे तो मैदानाबाहेर गेला. सप्टेंबरमध्ये परत आला आणि ऑक्टोबरात बोस्टनविरुद्ध वर्ल्ड सिरीजचे तीन सामने जिंकून दिले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि हंगामाची सुरुवात पुढे ढकलावी लागली. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचाही बळी गेला. त्या उन्हाळ्यात गिब्सन जो काही खेळला त्यात त्या रागाचा वाटा होता, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे.

वर्ल्ड सिरीज म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम झुंज. सातांपैकी चार सामने जिंकेल तो वर्षाचा विजेता. (जगाचा फारसा संबंध नसता नाव मात्र 'वर्ल्ड', असो.) पहिला सामना सेंट लुईसच्या बुश स्टेडियममध्ये, प्रेक्षक ५४,६९२. लोक आले होते ते दोन पिचरांचे द्वंद्व पाहायला: एकीकडे ३१ सामने जिंकणारा मॅक्लेन, दुसरीकडे १.१२ चा गिब्सन. मॅक्लेन हा मोठा रंगेल गृहस्थ. तो ऑर्गन वाजवीत असे आणि त्याच्या वादनाच्या तबकड्याही निघाल्या होत्या.

डेट्रॉइटचे व्यवस्थापक मेयो स्मिथ यांनी या मालिकेसाठी एक जुगार खेळला होता. त्यांचा नेहमीचा शॉर्टस्टॉप रे ऑयलर क्षेत्ररक्षणात उत्तम, परंतु फलंदाजीत दर हजारी १३५. म्हणून त्यांनी सीमेजवळच्या मधल्या जागी खेळणारा मिकी स्टॅनली याला उचलून शॉर्टस्टॉपला आणले. आपल्याकडे लाँग ऑनला उभा असणारा मनुष्य एकदम सिलीपॉइंटला नेऊन ठेवावा, तसे हे झाले. हेतू हा, की अनुभवी अल केलाइनची बॅट संघात बसावी. केलाइन १९५३ पासून डेट्रॉइटकडून खेळत होता आणि वर्ल्ड सिरीज त्याच्या नशिबी आता प्रथमच आली होती. फलंदाजीचे एवढे बळ जमवून टायगर्स गिब्सनसमोर उभे राहिले.

द्वंद्व फार वेळ चालले नाही. चौथ्या डावात मॅक्लेनचा नेम सुटला. रॉजर मॅरिस आणि मॅकार्व्हर यांना त्याने चार-चार बॉल देऊन फुकट बेस दिला. मग माइक शॅननच्या फटक्यावर एक आणि हुलियन हाविएरच्या फटक्यावर दोन अशा तीन धावा झाल्या. पाचव्या डावानंतर मॅक्लेनला विश्रांती मिळाली. सातव्या डावात लू ब्रॉकने नव्या पिचरला प्रेक्षकांत भिरकावून चौथी धाव केली. कार्डिनल्सच्या फलंदाजीची हकीगत एवढीच आणि ती लवकर सांगून मोकळे झालेले बरे, कारण सामना दुसऱ्याच बाजूला चालला होता.

गिब्सन प्रत्येक डावात किमान एक तरी गडी स्ट्राइक-आउट करत होता. वर्ल्ड सिरीजच्या नऊही डावांत असे करणारा त्याच्या आधी एकच पिचर झाला होता, १९०६ मधला एड वॉल्श. टायगर्सना फटके मिळालेच नाहीत असे नाही. पाच मिळाले, एक जण चार बॉलवर चालतही गेला. परंतु हे सगळे विखुरलेले. कोणी बेसवर पोहोचला की पुढचा तीन स्ट्राइकमध्ये परत. केलाइन तीनदा असा गेला. नॉर्म कॅशही तीनदा. त्या हंगामात फलंदाजीच्या बळावर लीग जिंकून आलेला हा संघ. त्याच्या मधल्या फळीतल्या माणसांना चेंडू कोठे आहे हेच कळेना.

नवव्या डावाच्या आरंभी गिब्सनकडे चौदा गडी होते. स्टॅनलीने फटका मारून बेस घेतला. मग केलाइन आला आणि परत गेला. पंधरा! पाच वर्षांपूर्वी सँडी कूफॅक्सने केलेला वर्ल्ड सिरीजचा विक्रम गिब्सनने गाठला होता. धावफलकावर ती सूचना झळकली, लोक उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅकार्व्हरने चेंडू हातातच धरून गिब्सनला मागे वळून फलक पाहण्याची खूण केली. गिब्सनला वाटले, हा उगाच वेळ का घालवतो आहे? चेंडू इकडे दे, म्हणून तो त्याच्यावर ओरडला. शेवटी वळून पाहिले, टोपीला हात लावला आणि पुन्हा कामास लागला. पुढचा कॅश, सोळावा. त्यानंतर आलेला विली हॉर्टन. शेवटचा चेंडू त्याच्या अंगाकडून येत आत वळला. हॉर्टन मागे सरला, बॅट खांद्यावरच राहिली आणि पंचाचा हात वर गेला. सतरा.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. कूफॅक्सचा पंधरांचा विक्रम २ ऑक्टोबर १९६३ चा. त्याने मोडला तो कार्ल अर्स्किनचा चौदांचा विक्रम २ ऑक्टोबर १९५३ चा. गिब्सनचा २ ऑक्टोबर १९६८ चा. आपण सूत कातत असतो त्या दिवशी तिकडे चेंडू फिरत होते! आणि गिब्सन वारला तो दिवसही २ ऑक्टोबरच, २०२० सालचा. त्या सामन्याला बरोबर बावन्न वर्षे झाली होती. सतरांचा आकडा आजही कायम आहे. साध्या हंगामी सामन्यांत रॉजर क्लेमेन्स, केरी वूड, मॅक्स शेर्झर ह्यांनी नऊ डावांत वीस-वीस गडी स्ट्राइक-आउट केले. परंतु वर्ल्ड सिरीजमध्ये सतराच्या पुढे कोणी गेलेला नाही.

एकतर्फी सामना कंटाळवाणा असतो, असा एक सर्वमान्य समज आहे. तो निम्माच खरा. धावांच्या ढिगाने एकतर्फी झालेला सामना खरोखर कंटाळवाणा. पाहणाऱ्याला मध्येच चहा प्यायला उठावेसे वाटते. परंतु पिचरने एकतर्फी केलेल्या सामन्यात धावा चारच असतात. म्हणजे प्रतिपक्ष आकड्यांनी कधीही फार दूर गेलेला नसतो. बेसवर तीन माणसे आणि एक उंच फटका, एवढ्याने चार धावा फिटतात. ही शक्यता शेवटच्या चेंडूपर्यंत जिवंत असते आणि ती प्रत्येक चेंडूला एक माणूस मारत असतो. पाहणारा उठत नाही तो त्यासाठी. जिम लेकरने १९५६ मध्ये मँचेस्टरला एका कसोटीत १९ बळी घेतले किंवा अनिल कुंबळेने १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानचा सबंध डाव एकट्याने गुंडाळला, तेव्हा सामन्यात चुरस उरली नाही अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मात्र एक सामना म्हणजे मालिका नव्हे. चौथ्या सामन्यात गिब्सन पुन्हा जिंकला, १०-१. त्यात त्याने स्वतः एक चेंडू प्रेक्षकांत पाठवला. कार्डिनल्स ३-१ ने पुढे होते. पण टायगर्सनी पुढचे दोन्ही सामने जिंकून बरोबरी केली आणि सातव्या सामन्यात डावखुरा मिकी लोलिच गिब्सनसमोर आला. सहा डाव दोन्हीकडे शून्य. सातव्यात दोन गडी बाद असताना कॅश आणि हॉर्टन यांनी एकेक फटका मारला. पहिल्या सामन्यातले सोळावा आणि सतरावा ते हेच. त्यानंतर जिम नॉर्थरपचा उंच फटका पकडण्यात कर्ट फ्लडचा, त्या काळच्या उत्तम क्षेत्ररक्षकाचा, अंदाज चुकला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. ४-१ ने मालिका डेट्रॉइटची झाली. वर्ल्ड सिरीजमध्ये लागोपाठ सात सामने जिंकलेला गिब्सन आठव्यात हरला. त्या एका मालिकेत त्याने पस्तीस गडी स्ट्राइक-आउट केले. हाही विक्रम अबाधित आहे, आणि तो हरलेल्या संघाच्या पिचरचा आहे.

डिसेंबर १९६८ मध्ये नियम बदलले. पिचरचा उंचवटा पंधरा इंचांपर्यंत असे, तो दहा इंचांवर आणला. पंचाच्या मनातली ती चौकटही आखडली: १९६३ पासून ती गुडघ्याच्या खालच्या कडेपासून खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत होती, आता गुडघ्याच्या वरच्या कडेपासून काखेपर्यंत झाली. उंचावरून फेकणाऱ्याचा चेंडू उतारावरून आल्यासारखा खाली येतो; गोल बॅटने अशा चेंडूचा मध्य सापडणे अवघड. पाच इंच म्हणजे वीतभरही नाही, परंतु सेकंदाच्या चार दशांशांच्या खेळात ते पुष्कळ. १९६९ मध्ये एका संघाची सामन्यातील सरासरी ३.४२ धावांवरून ४.०७ वर गेली. अर्थात त्याच वर्षी चार नवे संघही आले आणि कच्च्या पिचरांना जागा मिळाली, हेही हिशेबात धरले पाहिजे. सगळे श्रेय फावड्याला देऊ नये.

हा अन्याय होता काय? मैदानातल्या एखाद्या गटाचा दबदबा वाढला की नियम त्याच्याच अंगावर येतो, ही गोष्ट क्रिकेटलाही नवी नाही. १९३२-३३ च्या बॉडीलाइननंतर नियम बदलले. १९९१ मध्ये एका षटकात एका फलंदाजाला एकच बाउन्सर असा नियम आला, तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये अनेकांना तो आपल्या वेगवान गोलंदाजांवर रोखलेला वाटला. गिब्सनच्या बाजूनेही असे म्हणता येईल, की दारात जागा नाही, हॉटेलात जागा नाही असे ऐकत जो मनुष्य वर चढला, त्याचीच माती काढून घेतली.

पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही, की तो उंचवटा गिब्सनचा एकट्याचा नव्हताच. २ ऑक्टोबरला मॅक्लेनही त्याच पंधरा इंचांवरून फेकत होता आणि पाच डावांत थकला. उंचवट्याने वर्ष घडवले; ती दुपार गिब्सनने घडवली. दुसरी गोष्ट, नियम कोणा खेळाडूचे नसतात, खेळातल्या दोन बाजूंच्या तोलाचे असतात, आणि १९६८ चा तोल सर्वस्वी एका अंगाला गेला होता हे हजारी २३७ या आकड्यावरून उघड आहे. म्हणून नियम बदलणे योग्यच होते असे माझे मत आहे. मात्र त्याला 'गिब्सनचा नियम' म्हणून त्याच्या कर्तबगारीचे माप पाच इंचांत करणे चूक. उंचवटा उतरल्यावर, १९६९ मध्येही तो वीस सामने जिंकला आणि त्याचा आकडा होता २.१८. १९७५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २५१ विजय आणि ३,११७ स्ट्राइक-आउट होते.

दहा इंचांचा नियम अजून तसाच आहे. तोल मात्र पुन्हा हलला आहे, आणि वेगळ्या तऱ्हेने. १९६८ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी सहाच्या आत स्ट्राइक-आउट होत असे; आता तो आकडा आठाच्या पुढे असतो. २०१८ च्या हंगामात तर, पूर्वी कधी न घडलेले घडले: स्ट्राइक-आउटची संख्या यशस्वी फटक्यांहून जास्त झाली. तरी आजचा एकही पिचर गिब्सनसारखा दिसत नाही, कारण पाचसहा डाव झाले की त्याला काढून ताज्या दमाचा दुसरा आणतात, मग तिसरा. गिब्सनने एका हंगामात एकट्याने अठ्ठावीस सामने शेवटास नेले. अलीकडे तीसही संघांचे सगळे पिचर मिळून वर्षाकाठी असे तीस-पस्तीस सामने पुरे करतात. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावले आहे, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. गिब्सनला ते कधी कळलेही नसते. तो एरवीही कॅचरला बोलू देत नव्हता. २०२१ मध्ये अटलांटिक लीग या दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये आणखी एक प्रयोग करून पाहिला. उंचवटा कमी करण्याऐवजी तो होम प्लेटपासून एक फूट मागे नेला, एकसष्ट फूट सहा इंचांवर. पुढच्या वर्षी तो परत जुन्या जागी आणून ठेवला.